कारणासकट आठवण : युरोपातील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
युरोपातील मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकडीवर वसलेले मोंतोने नावाचे लहानसे गाव आहे. या गावाने २०२३ च्या जुलै महिन्यात एका मराठी शिपायाचे स्मारक उभारले. नाईक यशवंत घाडगे हे त्या शिपायाचे नाव, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही त्यांची पलटण आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातला माणगाव हा त्यांचा मुलूख. १० जुलै १९४४ रोजी ते याच खोऱ्यात धारातीर्थी पडले तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. स्मारक म्हणजे वेळ दाखवणारे खरेखुरे सूर्यघड्याळ आहे आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे.

या स्मारकाची छायाचित्रे आपल्या मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर आजही अधूनमधून येतात. त्यांच्याखाली भगव्या झेंड्यांची आणि जोडलेल्या हातांची चिन्हे असतात, 'जय शिवराय' असते आणि मराठ्यांच्या पराक्रमाने युरोपही कसा नतमस्तक झाला, याचे दोन-चार परिच्छेद असतात. त्या परिच्छेदांत मी दर वेळी एक गोष्ट शोधते आणि ती बहुधा सापडत नाही. घाडगे कोणाशी लढत होते, याचा त्यांत उल्लेख नसतो. 'शत्रू' एवढ्या एका शब्दावर काम भागवलेले असते. हे पत्र त्या गाळलेल्या मजकुराविषयी आहे आणि ते आजच लिहावेसे वाटले, कारण आपण ज्या देशांत घरे केली आहेत तेथे नेमका हाच मजकूर गाळण्याचे काम काही राजकीय पक्ष मोठ्या चिकाटीने करीत आहेत.

आधी घाडगे यांची हकीकत सांगते, कारण ती आपल्याकडे सांगितली जाते त्यापेक्षा सन्मानपत्रात फार थोड्या आणि कोरड्या शब्दांत आहे. त्यांच्या हाताखालच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतला एकूण एक माणूस ठार किंवा जखमी झाला. आपल्याबरोबर यायला आता कोणी उरलेले नाही, हे पुरते ठाऊक असताना ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्याला टॉमीगनने टिपले आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी संपवले. त्यानंतर जवळच दबा धरून बसलेल्या नेमबाजांनी छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. त्यांची कबर कोठे आहे हे माहीत नाही. मोंते कासिनोच्या पायथ्याशी, ज्यांच्या कबरी नाहीत अशा सैनिकांच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे.

आता या हकीकतीला तिचा परिसर जोडून पाहा. घाडगे पडले त्याच्या अठराच दिवस आधी, २२ जून १९४४ रोजी, मोंतोनेपासून फार लांब नसलेल्या गुब्बिओ शहरात जर्मन सैन्याने चाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या होत्या. १२ ऑगस्टला टस्कनीतल्या सांतान्ना दी स्तात्सेमा या डोंगरी वस्तीत एसएस या नाझी सशस्त्र दलाच्या तुकड्यांनी सुमारे ५६० माणसे मारली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, म्हातारी माणसे आणि तान्ह्या बाळांसकट मुले होती. सप्टेंबरच्या अखेरीस बोलोन्याजवळ मार्झाबोत्तो आणि मोंते सोलेच्या परिसरात सुमारे ७७० लोकांची कत्तल झाली. त्याआधीच्या वर्षी, १६ ऑक्टोबर १९४३ रोजी, रोमच्या ज्यू वस्तीतून हजाराहून अधिक माणसांना पकडून आउशवित्झच्या मृत्युछावणीत धाडण्यात आले आणि युद्ध संपल्यावर त्यांतली फक्त सोळा परत आली. उत्तर इटलीत मुसोलिनीचे जे राज्य जर्मन संगिनींच्या आधाराने तग धरून होते, ते या कामात हात राखून वागत नव्हते. मशीनगनच्या पलीकडे बसलेली ती चार माणसे व्यक्ती म्हणून कशी होती, हे आज कोणाला सांगता येणार नाही. ती ज्या व्यवस्थेचे मोर्चे राखत होती, ती व्यवस्था मात्र ही होती.

जाता जाता एक गोष्ट नोंदवते. घाडगे ज्या जिल्ह्यातले, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबाग, नवगाव, रेवदंड्याच्या बाजूला, मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू शतकानुशतके तेलाचे घाणे चालवत आले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत आले. धर्मावरून त्यांच्या जिवावर उठावे असे त्या किनाऱ्यावर कोणाला वाटले नाही. रोमच्या ज्यू वस्तीत काय झाले हे घाडगे यांना ठाऊक असेल किंवा नसेल, पण ज्या गावगाड्यातून ते आले होते तो कसा होता, हे आपल्याला ठाऊक आहे आणि ते आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

युद्धाचा इतिहास पुसून टाकला जात आहे, असे आपण नेहमी वाचतो. मला ते पुरते खरे वाटत नाही. युरोपातले आजचे अतिरेकी राजकारण आठवण पुसत नाही, उलट ती मोठ्या थाटात साजरी करते. फक्त तिच्यातून कारण काढून घेते. मृत राहतात, हौतात्म्य राहते, पुष्पचक्रे राहतात आणि कोणी कोणाला कशासाठी मारले, एवढे मात्र गळून पडते.

रोमचेच उदाहरण घ्या. २३ मार्च १९४४ रोजी व्हिया राझेल्ला या रस्त्यावर भूमिगत क्रांतिकारकांनी एसएस पोलीस रेजिमेंट बोझेनच्या तुकडीवर बॉम्ब टाकला आणि तिचे तेहेतीस जण मेले. दुसऱ्या दिवशी, एकामागे दहा या हिशेबाने आणि त्यातही हिशेब चुकवून, जर्मनांनी ३३५ कैद्यांना फोसे आर्देआतिने या खाणींत नेऊन मानेत गोळ्या घातल्या. त्यांत फॅसिस्टविरोधी राजकीय कैदी होते आणि सुमारे ७५ ज्यू होते. २०२३ च्या स्मृतिदिनी इटलीच्या पंतप्रधान जॉर्जा मेलोनी यांनी या लोकांना वंदन केले, पण ते केवळ इटालियन होते म्हणून मारले गेले, असे म्हटले. पुढच्याच आठवड्यात सिनेटचे अध्यक्ष इग्नात्सिओ ला रूसा यांनी व्हिया राझेल्लावर मेलेले एसएसचे लोक नव्हतेच, ती निवृत्तीला आलेल्या वादकांची पलटण होती, असे विधान केले. गदारोळ झाल्यावर त्यांनी माफी मागितली, हेही सांगायला हवे. पंतप्रधानांचे वाक्य मात्र अधिक सफाईदार होते आणि म्हणून अधिक टिकणारे आहे, कारण त्यात मृतांचा अनादर कोठेच नाही. फक्त त्यांची यादी कशी तयार झाली, ती तयार करायला कोणी मदत केली आणि ज्यूंची नावे तिच्यात का होती, हे प्रश्न त्या वाक्यानंतर कोणी विचारायचे कारण उरत नाही. मेलोनी यांच्या पक्षाच्या चिन्हात तिरंगी ज्योत आहे. ती ज्या जुन्या पक्षाकडून आली, तो मुसोलिनीच्या अखेरच्या राज्यातल्या माणसांनी १९४६ च्या डिसेंबरात स्थापन केला होता.

जर्मनीत हीच गोष्ट अधिक उघडपणे बोलली जाते. एएफडी या अतिउजव्या पक्षाचे तेव्हाचे सहअध्यक्ष अलेक्झांडर गाउलांड यांनी २०१८ साली हिटलर आणि नाझी म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळाच्या यशस्वी जर्मन इतिहासातली पक्ष्याची शीट आहे, असे म्हटले. थुरिंगियातले त्यांचे नेते ब्योर्न होके यांनी त्याआधीच, जानेवारी २०१७ मध्ये ड्रेसडेन येथे, बर्लिनच्या मधोमध असलेल्या ज्यू हत्याकांडाच्या स्मारकाला लाजेचे स्मारक म्हटले होते आणि स्मरणाचे धोरण १८० अंशांत फिरवावे, अशी मागणी केली होती. त्याच ड्रेसडेनमध्ये दर १३ फेब्रुवारीला १९४५ च्या बॉम्बवर्षावातल्या मृतांसाठी नवनाझी शोकयात्रा काढत आले आहेत. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने मृतांचा आकडा जास्तीत जास्त २५,००० असल्याचे २०१० साली सांगितले, तरी या यात्रांमध्ये तो लाखांत सांगितला जातो. आणि ग्वेर्निका, वॉर्सा, रॉटरडॅम ही शहरे त्याआधी कोणाच्या विमानांनी जाळली, याचा तेथे चकार शब्द निघत नाही. मेलेली माणसे खरी आहेत, त्यांच्या नातलगांचे दुःखही खरे आहे, आणि म्हणूनच त्या दुःखाचा असा वापर ओळखायला अवघड जातो. सप्टेंबर २०२४ मध्ये थुरिंगियाच्या निवडणुकीत एएफडी ३२.८ टक्के मते घेऊन पहिल्या क्रमांकावर आला. बुखेनवाल्डची छळछावणी याच राज्यात, वायमार शहराच्या माथ्यावरच्या टेकडीवर होती आणि तेथे सुमारे ५६,००० माणसे मेली. तिच्या स्मृतीसाठी लावलेली झाडे २०२२ साली रात्रीतून तोडण्यात आली. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत हा पक्ष देशात दुसरा ठरला.

ऑस्ट्रियात २०२४ साली पहिल्या आलेल्या फ्रीडम पार्टीचा पहिला अध्यक्ष एसएसचा माजी अधिकारी होता. पोलंडमध्ये अतिउजवे खासदार ग्झेगोश ब्राउन यांनी डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या दालनात लावलेले ज्यूंच्या हनुक्का सणाचे दिवे आग विझवण्याच्या नळकांड्याने विझवले. २०२५ साली ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले, सहा टक्क्यांहून अधिक मते घेऊन गेले आणि त्यानंतर आउशवित्झच्या गॅसकोठड्या खोट्या असल्याचे म्हणू लागले. ज्या देशाच्या भूमीवर त्या कोठड्या उभ्या आहेत, त्या देशात हे घडले आहे. आणखी देशांची यादी देता येईल, पण त्याने मुद्दा बदलत नाही.

आता आपल्याकडे वळते. कारण काढून घेतलेली आठवण आपल्याही घरात आहे आणि ती कोणा परक्या पक्षाने आणून ठेवलेली नाही. पुण्या-मुंबईच्या पदपथांवर आणि स्थानकांवरच्या स्टॉलांत हिटलरच्या आत्मकथनाची मराठी भाषांतरे यशस्वी होण्याचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी मांडलेली असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. 'देशाला शिस्त लावायला एखादा हिटलरच हवा' हे वाक्य ज्याने जेवणाच्या पंगतीत कधी ऐकले नाही, असा मराठी माणूस विरळा. ते बोलणाऱ्या काका-मामांच्या मनात ज्यूंविषयी काडीचाही द्वेष नसतो, हे मला मान्य आहे. त्यांना गाड्या वेळेवर हव्या असतात आणि रस्ते स्वच्छ हवे असतात. पण म्युनिकमध्ये किंवा व्हिएन्नामध्ये शाळेत जाणारे त्यांचे नातवंड जेव्हा तेच वाक्य वर्गात बोलते, तेव्हा शिक्षिका पालकांना बोलावून घेते आणि मग आपण सांस्कृतिक गैरसमज झाल्याची सबब सांगतो.

या ओढीला जुना इतिहास आहे. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली, मुलांच्या फॅसिस्ट संघटना पाहिल्या, त्यांची तारीफ आपल्या रोजनिशीत लिहिली आणि १९३७ साली नाशकात सैनिकी शाळा काढली. १९३१ च्याच डिसेंबरात गांधीजीही मुसोलिनीला भेटले होते आणि सुभाषबाबूंच्या भेटीगाठी तर सर्वश्रुत आहेत, त्यामुळे भेटण्यावरून कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात अर्थ नाही. कोण काय पाहून आले आणि परत येऊन काय उभारले, हे पाहणे अधिक उपयोगाचे. जवाहरलाल नेहरू मात्र १९३६ च्या मार्चमध्ये, कमलाताईंच्या निधनानंतर रोममार्गे परतताना, मुसोलिनीचा भेटीचा आग्रह नाकारून निघून गेले. त्या भेटीचा उपयोग कसा करून घेतला जाईल, याची त्यांना पुरती कल्पना होती.

या पत्रावर येणारा पहिला आक्षेप मला आधीच ऐकू येतो आहे आणि तो वजनदार आहे. हे युद्ध आपले नव्हते, असे काहीजण म्हणतील. व्हाइसरॉयने कोणाही भारतीयाला न विचारता ३ सप्टेंबर १९३९ रोजी भारताला युद्धात ओढले, त्या निषेधार्थ प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवरून 'चले जाव'ची हाक गेली, १९४३ साली बंगाल उपाशी मेला आणि आपल्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजांना सळो की पळो करीत होते. हे सगळे खरे आहे. पण त्याच सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा जिल्ह्यांतून मराठा पलटणींची भरती होत होती आणि एकाच भावकीतले एक पोर भूमिगत आणि दुसरे इटलीच्या चिखलात, असे त्या काळात घडत होते. भरती झालेले बहुतेक जण पगारासाठी, जमिनीच्या तुकड्यासाठी, घराण्याच्या रिवाजासाठी गेले होते. फॅसिझमचा पाडाव करायला म्हणून कोणी माणगावहून बोटीत बसला असेल, असे मी म्हणणार नाही. शिपाई कशासाठी भरती झाला आणि त्याच्या लढण्याने काय रोखले गेले, या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही सांगता येतात. ज्यांना इंग्रजांविषयी कसलाही भ्रम नव्हता अशा डॉ. आंबेडकरांनी १९४२ साली आकाशवाणीवरून बोलताना भारतीय कामगाराने हे युद्ध जिंकण्याचा निर्धार का केला पाहिजे, हे समजावून सांगितले होते, कारण नाझींची जीत म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिन्हींचा शेवट, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. माणसांची जन्मावरून प्रतवारी करणारे राज्य कसे असते, हे त्यांना कोणी युरोपातून येऊन सांगायची गरज नव्हती.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले आणि त्यांतले ५,७८२ तेथेच धारातीर्थी पडले. घाडगे यांच्यानंतर नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीच्या काठावर पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधव यांनी माऱ्यातून दोन जखमींना एकामागून एक पाठीवर घेऊन नदीपार पोचवले आणि मग परत फिरून मशीनगनचे तीन मोर्चे गप्प केले. हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना, तेव्हा त्यांनी ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले, आणि सगळे उरकल्यावर बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. जाधव जगले आणि महाराष्ट्रात परतले. त्यानंतर सोळाच दिवसांनी, २५ एप्रिलला, उत्तर इटलीत उठाव झाला आणि तो दिवस आजही तेथे मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. म्हणजे इटलीच्या मुक्तिदिनाच्या अगदी उंबऱ्यावर एका मराठी माणसाची आरोळी आहे, आणि आपण मात्र त्या दिवशी सुटी मिळाली म्हणून कोमो सरोवरावर जातो.

दुसरा आक्षेप उघड लिहिला जात नाही, पण गटांवर आणि फराळाच्या ताटांभोवती बोलला जातो. 'ते आपल्याबद्दल बोलत नाहीयेत' असा तो आहे. आपण शिकलेले, कर भरणारे, कायदा पाळणारे, मुलांना जिम्नेझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, घालणारे; त्यांचा राग दुसऱ्यांवर आहे, आणि खासगीत सांगायचे तर तो अगदीच अनाठायी नाही, असा त्याचा पुढचा भाग असतो. काही मंडळी एवढ्यावर न थांबता या पक्षांना मत देतात किंवा देईन म्हणतात. मतदान गुप्त असते आणि ते ज्याचे त्याने ठरवायचे असते, पण ज्या समजुतीवर ते उभे आहे ती तपासायला हरकत नसावी. ऑगस्ट २००७ मध्ये सॅक्सनीतल्या म्युगेल्न या गावच्या जत्रेत आठ भारतीयांवर सुमारे पन्नास जणांचा जमाव धावून गेला. ते एका भारतीयाच्याच पिझ्झाच्या दुकानात शिरले, आणि जमावाने त्या दुकानाची दारे-खिडक्या फोडत 'परक्यांनो, चालते व्हा' अशा घोषणा दिल्या. त्या जमावातल्या कोणीही त्यांच्या पदव्या विचारल्या नाहीत. त्याआधी, २००० साली, जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याच्या निवडणुकीत 'भारतीयांऐवजी मुले' या अर्थाची यमकबद्ध घोषणा गाजली होती. ती संगणक क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या भारतीयांविरुद्धच होती आणि एका मुख्य प्रवाहातल्या पक्षाच्या नेत्याच्या नावावर जमा आहे. जानेवारी २०२५ मध्ये रीझा येथल्या अधिवेशनात एएफडीच्या नेत्या आलिस वायडल यांनी 'रीमायग्रेशन', म्हणजे स्थलांतरितांना परत पाठवणे, हा शब्द व्यासपीठावरून उघडपणे स्वीकारला. परत पाठवायच्या लोकांच्या यादीत कोण बसते, हे ठरवायचा अधिकार यादीतल्या लोकांकडे नसतो.

पोर्तुगालमध्ये राहणाऱ्या आणि गोव्याशी नाते असलेल्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. सालाझारची हुकूमशाही युद्धात तटस्थ राहिली आणि म्हणून युद्धानंतरही टिकली. गोवा १९६१ साली मुक्त झाला, तरी सांगलीकडचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात १९६९ पर्यंत होते. 'देव, देश, कुटुंब' हे सालाझारचे ब्रीद शेपटीला एक शब्द जोडून आज शेगा पक्ष पुन्हा मिरवतो आणि मे २०२५ च्या निवडणुकीनंतर तो संसदेतला दुसरा मोठा पक्ष आहे.

आणखी एक कारणाविना सांगितली जाणारी आठवण म्हणजे वळिवडे. कोल्हापूरजवळच्या या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, वॉर्सामध्ये कोल्हापूरचे स्मारक आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. ते लोक बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. स्टालिनच्या राजवटीने पूर्व पोलंडमधून उचलून त्यांना सैबेरियात टाकले होते, आणि तेथून सुटल्यावर इराणमार्गे ती भारतात पोचली होती. अतिरेक एकाच रंगाचा नसतो, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल? वळिवड्याचा गौरव करताना ते उपाशी, आजारी आणि बहुतेक सगळे गमावलेले निर्वासित होते, एवढे वाक्य आपण घातले, तर भूमध्य समुद्रावर आणि बेलारूसच्या सीमेवर आज काय चालले आहे, याविषयी आपल्याच गटांवर जे विनोद पाठवले जातात ते पाठवताना दोन क्षण थांबावे लागेल.

माझ्या विनंत्या फार मोठ्या नाहीत. इटलीतल्या मंडळांनी २५ एप्रिलला आपल्या गावच्या समारंभाला जावे. स्वतंत्र व्यासपीठ न मागता, बाकी नागरिकांबरोबर उभे राहावे. १० जुलैच्या आसपास मोंतोनेला सहल काढावी आणि त्याच सहलीत गुब्बिओला चाळीस हुतात्म्यांच्या स्मारकावरही जावे, कारण ही दोन्ही ठिकाणे एकत्र पाहिली तरच दोन्ही समजतात. फोर्ली, कासिनो आणि सांग्रो येथे भारतीय सैनिकांच्या कबरी किंवा दहन झालेल्यांची स्मारके आहेत; तेथल्या यादीत जाधव, पवार, शिंदे, मोरे, कदम अशी नावे वाचता वाचता मुलांना मराठी अक्षरओळखीपेक्षा अधिक काही मिळेल. मराठी शाळांच्या शिक्षकांनी घाडगे यांच्यावर एक पानाचा पाठ लिहावा आणि त्यात 'शत्रू' या शब्दाच्या जागी नाव घालावे.

जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्समधल्या मंडळांसाठी आणखी जवळचे काम आहे. ज्या सभागृहात आपण गणपती बसवतो त्याच्या आसपासच्या फुटपाथवर नाझींच्या बळींच्या आठवणीसाठी दहा सेंटिमीटरच्या चौरस पितळी शिळा बसवलेल्या दिसतील. येथे अमुक राहत होता, अमुक साली जन्मला, अमुक साली नेला, अमुक ठिकाणी मारला, एवढेच त्यांवर कोरलेले असते. एक लाखाहून अधिक अशा शिळा युरोपभर आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्साइट्स शहरातल्या दहाच्या दहा शिळा उखडून चोरल्या गेल्या आणि लोकांनी वर्गणी काढून नव्या बसवल्या. ९ नोव्हेंबरला, म्हणजे १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या स्मृतिदिनी, ठिकठिकाणचे नागरिक गुडघे टेकून त्या घासतात. देवघरातली समई लख्ख करण्यासाठी आपण भारतातून पितांबरीची पाकिटे आणतो. त्यातले एक दिवाळीच्या त्या दिवसांत या कामासाठी काढावे. पितळ उजळायला पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात त्यावरचा मजकूर मुलांकडून वाचून होतो. पुढच्या वर्षी ती मुलेच तुम्हाला तेथे ओढत नेतील, असा माझा अंदाज आहे.

शेवटची विनंती पदाधिकाऱ्यांना आहे आणि ती थोडी अडचणीची आहे. गणेशोत्सवाला आणि दिवाळीला स्थानिक लोकप्रतिनिधींना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावण्याची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगली आहे. सभागृहाचे भाडे, महापालिकेची परवानगी, ढोलाच्या आवाजाची तक्रार, या सगळ्यांत असे संबंध उपयोगी पडतात, हे मी जाणते. मात्र ज्या पक्षाच्या नेत्यांना बुखेनवाल्ड आणि आर्देआतिनेविषयी सरळ वाक्य बोलता येत नाही, त्या पक्षाच्या प्रतिनिधीला फेटा बांधून आरतीला उभे करू नये. आपल्याबरोबरचे ते छायाचित्र पुढे कोठे आणि कशासाठी वापरले जाईल, याचा विचार कार्यकारिणीने निमंत्रण धाडण्याआधी करावा आणि तसा नियम आपल्या घटनेत लिहून ठेवावा, म्हणजे ऐन वेळी कोणा एका सचिवावर वाईटपणा येणार नाही. नेदरलँड्समध्ये पाच वर्षे राहिलेल्या परदेशी नागरिकांनाही पालिकेच्या निवडणुकीत मत असते, तेव्हा तेथे हा प्रश्न लवकर येईल.

पुढील वर्षाच्या कार्यक्रमांची पत्रके बहुतेक मंडळांत जानेवारीत ठरतात. त्याआधी या विषयाला बैठकीत जागा मिळावी आणि जे ठरेल ते, विरोधातले मुद्दे असले तर त्यांच्यासह, सभासदांना कळवावे. मोंतोनेची सहल ठरवणाऱ्या मंडळाला घाडगे आणि जाधव यांच्या सन्मानपत्रांचे मराठी भाषांतर आणि त्या उन्हाळ्यातल्या घटनांचे टिपण मी तयार करून देईन. छपाईचा खर्च मंडळाने सोसावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जर्मनीतील एका मराठी मंडळाची जुनी सभासद